ढब्बीसाठी राखलेलं ताट

नाही, तुम्हीच सांगा, नुसतं पातळ पिऊन माणसानं शिलाई मशीन चालवायचं तरी कसं? ब्लाउज शिवून घ्यायला आलेल्या बाईच्या कमरेला टेप लावते आणि आकडाच विसरते, कारण तिच्या पर्समधून बिस्किटांचा वास येतोय! सकाळी पावडरचं दूध, दुपारी गाळलेलं सूप, संध्याकाळी बिनसाखरेचा चहा. चौदा दिवस, नुसतं पातळ! ती डाएटवाली, स्वतः एवढीशी, माझ्या टेपचे तीन वेढे बसतील तिला, गोड हसून म्हणते, "ऑपरेशनच्या आधी लिव्हर लहान करायचंय हं आपल्याला." आपल्याला! म्हणजे मला. माझं लिव्हर म्हणे जठरावर लोळत पडलंय, ते आकसलं नाही तर डॉक्टरांना खालचं काही दिसायचंच नाही, मग आत घातलेली दुर्बीण तशीच बाहेर!

आणि हौस म्हणून करत नाहीये हो मी हे. आई बाथरूममध्ये पडली. उचलायला खाली बसले, तर तिला उचलता येईना आणि मलाही उठता येईना! शेजारीण कामावरून येईपर्यंत आम्ही मायलेकी ओल्या फरशीवर गाणी म्हणत बसलो. हसताय काय... त्या दिवशी ठरवलं, जठर लहान करायचं ऑपरेशन करून वजन उतरवायचं. उद्या पुन्हा पडली तर उचलणार कोण?

पण हे आईला सांगणार कसं? तिला विसर पडतो. काल विसरते, सकाळ विसरते, जेवल्याचंही विसरते. मी भुकेली आहे, हे तेवढं विसरत नाही! मी तिला ताट वाढते, ती त्यातलं अर्धं काढून मशीनपाशी येते. "अगं ढब्बे, सकाळपासून काही खाल्लं नाहीस!" ढब्बी म्हणजे मीच, दुसरं कोण. "आई, डॉक्टरांनी नको सांगितलंय गं." की लागले तिचे डोळे भरायला. "माझ्यावर रागावलीस?" दहा मिनिटांनी सगळं पुसलं, पुन्हा ताट, पुन्हा माझं नको, पुन्हा डोळे... दिवसातून सहा वेळा मी तिला पहिल्यांदा रडवते हो! चौदा दिवस, नुसतं पातळ!

बाराव्या दिवशी ताट आलंच नाही. म्हटलं, सुटले! आत जाऊन बघते तर आई ताट झाकून बसलेली. लोणी लावलेले बटाटे, ब्रेडचे दोन तुकडे. "आई, जेव ना." तर म्हणते, "अहो बाई, माझी लेक यायचीय. तिला भूक सोसत नाही."

अहो! आईनं मला अहो म्हटलं... जीव कळवळला हो माझा. मग मनाची समजूत घातली, सहा किलो उतरलेत, गाल बसलेत, म्हणून ओळखलं नसेल. खाताना बघितलं की ओळखेल! पन्नास वर्षं तिनं मला खातानाच तर बघितलंय! बसले शेजारी, उचलला बटाटा, मग दुसरा, ब्रेडनं ताट पुसून घेतलं. "बघ आई, खाल्लं मी सगळं. मी ढब्बी!"

आई ताडकन उठली. "लाज नाही वाटत तुम्हाला? माझ्या पोरीच्या तोंडचा घास खाल्लात! आता ती आल्यावर काय देऊ तिला?" आणि रडली हो, ढसाढसा... माझ्यासाठी, माझ्याच समोर.

डाएटवालीला फोन केला, खरं ते सांगितलं. "अय्या! किती खाल्लंत?" म्हटलं, सगळं. "आणि नंतरचे दोन दिवस?" म्हटलं, तेव्हाही दिसेल ते सगळं, रडत रडत. झालं, ऑपरेशन पुढे ढकललं. आता पुन्हा पहिल्यापासून चौदा दिवस, नुसतं पातळ!

पण या खेपेला बघा, एक घासही तोंडात गेलेला नाही. जाईल कसा? आई ताट मांडीवर घेऊन बसते, मी नुसती दारात आले तरी झाकणावर हात ठेवते. डाएटवाली एकदम खूश! म्हणाली, "घरच्यांची अशी साथ सगळ्यांना मिळत नाही हो."