वीस प्रश्नांची मुलगी

फिलिपाइन्समधल्या दुमागेते शहरात, जीपनीच्या, म्हणजे प्रवासी जीपगाडीच्या, थांब्यावर नेनिता रांगेत उभी होती. काखेत तिनेच वर्गात वाटलेले, आठवीच्या मुलांनी नुकतेच भरून दिलेले बिननावाचे कागद होते: शाळेत तुम्हाला कोणी छळतं का, किती वेळा, कुठे. मागे त्याच वर्गातल्या दोन मुली तळलेली केळी खात बोलत होत्या; पुढे कोण उभं आहे, हे त्यांनी पाहिलं नव्हतं.

"जोव्ही, तू मॉनिटर. तुला कोण छळणार? मग तुला एवढा वेळ का लागला गं?"

"पेन्सिल मोडली."

"थापा मारू नकोस. 'नाही' म्हणणाऱ्यांना चारच प्रश्न होते. 'हो' म्हणणाऱ्यांना वीस."

"तेच तर! सगळे पटापट उठायला लागले, तेव्हा माझ्या लक्षात आलं. जी शेवटपर्यंत बसेल, तिचं सगळ्या वर्गाला कळणार."

"मग?"

"मग मी पण बसले. गोल रंगवायचा, खोडायचा, परत रंगवायचा. रबर झिजलं पार."

"माझे अजून कितीतरी प्रश्न उरले होते गं. वाटलं, आता मी एकटीच उरणार. मान वर केली, तर तू खाली मुंडी घालून बसलेली! जिवात जीव आला."

"आणखी चौघे थांबले, बघितलंस? त्यांना वाटलं, मॉनिटर बसलीय म्हणजे मागच्या पानावर काहीतरी राहिलंय."

"हो, तो दोदोंग तर पान उलटून उलटून बघत होता!"

"हळू हस, केळं पडेल."

"जोव्ही, मी काय लिहिलं, सांगू?"

"मला कशाला? बाई म्हणाल्या ना, कुणाला कळणार नाही."

"कागदाला सांगून झालं. आता तुला सांगायचंय."

"मग ही जीपनी जाऊ दे."

जीपनी आली. नेनिता कागद छातीशी धरून, मागे वळून न बघता आत चढली.