शेवट मीच सांगून बसलो

रहस्यपटावर बोलायला आता मला कुणीही बोलावलं तरी मी न्हाई म्हणतो. काहून, ते सांगतो.

हिंगोलीत आमच्या फिल्म क्लबनं एका जुन्या दिग्दर्शकाचा पिक्चर ठेवला होता. सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं मी बोलायचं होतं. बोलता बोलता मी रंगात आलो. म्हटलं, "याच्या प्रत्येक पिक्चरमधी खुनी म्हणजे सगळ्यात मायाळू माणूस असतो. आता यातला डॉक्टरच बघा. पहिल्याच सीनमधी हात धुऊन राहिला. दिग्दर्शकानं तिथंच सांगून टाकलंय!"

मी काय करून बसलो ते बोलून गेल्यावर माझ्या ध्यानात आलं.

पहिल्या रांगेतले एक म्हातारे उठले. पिक्चरसाठी कुरुंद्याहून एसटीनं आले होते.

"सर, लग्नाच्या साली आमी दोघांनी हा पिक्चर जत्रेतल्या तंबूत अर्धाच पाहिला. लाइट गेली अन् परत आलीच न्हाई. बायको म्हणायची खुनी डॉक्टर, मी म्हणायचो धाकटा भाऊ. चाळीस वर्षं भांडलो. मागच्या साली ती वारली."

मान वर करायची माझी हिंमत होईना. कसंबसं म्हटलं, "काका, चुकलं माझं."

"तिचं बराबर निघालं, त्याचा आनंदच हाय," पिशवी उचलत ते म्हणाले. "पण मी तिच्यापुढं हरायलाच आलो होतो, सर. पडद्यासमोर बसून. तुमी काहून घाई केली?"