रेनहार्टच्या बदल्यात दोन पोरं

—नाही, ते राहू दे, आधी ऐक. या बेसबॉलच्या सौद्यांत क्लाइड स्टाउटला आजवर कुणी गंडवलेलं नाही. एकाही माणसानं नाही! म्हणजे तुझा नवरा सोडून. आणि हर्शेल. आणि तो दातांचा डॉक्टर, त्यानं तर कोपर निखळलेला पिचर माझ्या गळ्यात मारला आणि वर मीच त्याचे आभार मानले — हसू नकोस वर्ना, केक खा.

माझं मत बदललेलं नाही. तुझा रेनहार्ट मला पाहिजेच. मुरलेला पिचर आहे, ऑक्टोबरातल्या निर्णायक सामन्यांत चेंडू टाकताना भल्याभल्यांचे हात थरथरतात, याचे नाहीत. आणि आपल्या या कागदावरच्या लीगमध्ये माझी टीम यंदा दुसरी आहे, दुसरी! आता तूच सांग, खरे खेळाडू उन्हात घाम गाळणार, त्यांच्या खेळाचे गुण आपण म्हातारे घरबसल्या आपापल्या टीमच्या नावावर मांडणार, आणि तेवढ्यावरून हर्शेल वर्षभर माझ्याशी अबोला धरणार — आहे की नाही वेडेपणा? पण चषक तो चषक. माझ्या घरी एकदाही आला नाही. रेनहार्ट आला की येईल, कबूल. पण बदल्यात तू मागतेस काय? ताव्हेरास! वर हुसर! अगं, ताव्हेरासला अजून नीट मिशी फुटलेली नाही, खालच्या लीगमध्ये बसनं गावोगाव हिंडतोय, पण बॅट कशी फिरवतो — लोण्यातून सुरी! चार-पाच वर्षांत बघ तू. आणि हुसर तर डावरा, नेब्रास्काचा, गवताचे भारे उचलून खांदे कमावलेला. चेंडू कधीमधी प्रेक्षकांत टाकतो, मान्य. सुधारेल. मी थांबतो की. मला कुठं जायचंय?

तुझा एल्डन असता तर म्हणाला असता, 'क्लाइड, त्या पोरांना घोड्यावर बसवून तू वरात कधी काढणार, आणि बघणार कधी?' याच खुर्चीत बसायचा तो. फोनवर सौदा नाही, समोरासमोर बसून हात मिळवायचा, हा नियम त्याचाच. मी तेव्हा केवढा ओरडलो होतो — या वयात गाड्या हाकत फिरायचं का आम्ही! आता वाटतं, बरं केलं बेट्यानं. तो गेल्यावर मला वाटलं, तू त्याची टीम हर्शेलच्या पदरात टाकून मोकळी होशील. पण आलीस. एप्रिलपासून दर गुरुवारी, डेव्हनपोर्टहून, केक घेऊन.

जूनमध्ये तर तू एकट्या हुसरवर तयार होतीस. तेव्हाच हो म्हणायला हवं होतं, फुकटात पडत होता रेनहार्ट! — का नाही म्हटलं? अगं, घासाघीस नको का? तेव्हाच हात मिळवला असता तर पुढच्या गुरुवारी तू कशाला — म्हणजे केक कुणी आणला असता, असं म्हणतोय मी. दुकानातला केक भुशासारखा लागतो. आणि या घरात बोलायला कोण, तर रेडिओ. त्याला काही विचारलं तरी तो आपलं मक्याचे भावच सांगत सुटतो. कपसुद्धा दोन काढायचे ते गुरुवारीच.

असो. आज एकतीस जुलै. मोठ्या लीगची मुदत तीच आपली, रात्री बारानंतर अदलाबदल बंद, आणि मग तू काय, जाशील मुलीकडे ॲरिझोनाला. तेव्हा घे ताव्हेरास. हुसरही घे, ने दोघांना. दे माझा रेनहार्ट. हा माझा हात. — बघत काय राहिलीस? मिळव की हात. — बरं, तुला आणखी विचार करायचा असेल तर कर बाई, घाई नाही, बारा वाजायला पुष्कळ अवकाश आहे, मी कॉफी टाकतो — काय? काय म्हणालीस?

"मुदत काल संपली, क्लाइड. यंदा एक दिवस आधी होती. घरून निघाले तेव्हा मला ठाऊक होतं."