तानूआजीच्या डोळ्याची खोटी चित्रं

आधी तानूआजीचं नाव लिवा. माझं मागनं लिवलं तरी चालंल. आटपाडीकडची म्हातारी, जल्म मेंढरांमागं गेलेला, अक्षराची वळख न्हाई, पर तिनं हात दिला म्हणून मी आज ह्या मिरजंत मान वर करून चालतो. पुरती वर न्हाई, पर चालतो. डॉक्टरसाहेबांचं उपकार हाईतच, काम त्यांनीच दिलं. पर काम देणारा येगळा आन पडल्यावर उचलणारा येगळा.

मी हिकडचा न्हवं. खंडाळ्याच्या बाजूचा, शिरवळपास्नं कोसभर आमचं गाव. तिसरी केली आन शाळा सुटली, सुटली म्हंजी मीच सोडली, मास्तर म्हणायचे सखारामाच्या पाटीवर गणित कमी आन बैलं जास्त. बेंदराला गावच्या बैलांची शिंगं मीच रंगवायचो. फुडं लगीन झालं, दोन पोरं झाली, रानात भागंना. मामा मिरजंच्या ठेसनात खलाशी हुता, त्यानं मला आणून तंबोऱ्याच्या कारखान्यात चिकटवलं. बायकापोरं गावाकडंच, वर्सातनं एकदा जातो. काय सांगू तुमाला, आजबी कुणी मागनं हाक मारली की छातीत धस्स हुतं, वाटतं काय चुकलं, आता काढून टाकत्यात. असा भित्रा माणूस मी, हे आधीच सांगून ठेवतो.

तर तंबोऱ्याचा भोपळा. भोपळा वेलावरचा, त्याला चीर असती, किड्याची भोकं असत्यात. वस्ताद म्हणायचे, गिऱ्हाइकाला चीर दाखवायची न्हाई, लाख भर, घास, आन वरनं पान काढ. जिथं चीर तिथं पान. सात वर्सं मी हेच केलं. त्यात लबाडी न्हाई बरं का, सुराला काय हुत न्हाई. पर हाताला सवय लागती.

एकदा डॉक्टरसाहेब त्यांच्या मंडळींचा तंबोरा घिऊन आले. डोळ्यांचा दवाखाना हुता त्यांचा. माझी वेलबुट्टी बघितली आन म्हणाले, जे दिसेल ते हुबेहूब काढशील का. म्हटलं, काढतो की. दवाखान्यात नेऊन त्यांनी मला एक बारकं यंत्र दिलं, त्यात आरसा आन दिवा, आन म्हणाले, ह्यातून माणसाच्या डोळ्याच्या आत बघ. आवं, आत शेंदरी रान हाय! एक पिवळट चांद, त्यातनं लाल वेल फुटलेला. मी तर येडाच झालो.

साहेबांनी समजावून सांगितलं. मोतीबिंदू पुढं असतो, तो आम्ही काढतो. पण काही म्हाताऱ्यांचा डोळा पुढनं साफ, तरी मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. हे मागच्या पडद्याचं दुखणं. कशानं होतं ते अजून कुणालाच ठाऊक नाही, औषध नाही. मी माशाचं तेल देऊन बघणार आहे. दर दोन महिन्यांनी तू त्याच डोळ्याचं चित्र काढायचं, म्हणजे कळेल पडदा सुधारतो की बिघडतो.

ह्यात तानूआजी आली. ती म्हणायची, मेंढरं मी कडंच्या नजरंनं राखते, पर माणसाचं तोंड धराय गेले की मदी धूर. पटका दिसतो, कान दिसत्यात, तोंड पुसून जातंया. तिचा एकुलता ल्योक बिरू ब्रह्मदेशात लढाईवर हुता. तिला दुसरं काय नको हुतं, तो आला की त्याचं तोंड बघायचं हुतं, बास. डोळ्यात दवा घालून बाहुली मोठी करायची, मग मी तासतासभर यंत्र लावून बघायचो, तर म्हणायची, सखा, तू बघतोस एवढं माझ्या डोळ्यात माझ्या दाल्ल्यानंबी कवा बघितलं न्हाई रं.

पयलं चित्र मी खरं काढलं. मधोमध पिवळं ठिपके, ज्वारीच्या कण्या सांडल्यावानी. दुसऱ्या चित्राला बसलो आन काय झालं, मलाच नीट सांगता येत न्हाई. म्हातारीचा डोळा पाणवत हुता, ते कण्यांचं ध्यान मला बघवंना, आन वेलाचा शेंडा वढता वढता माझ्या कुंचल्यानं दोन ठिपक्यांवरनं नेला. बाकीचंबी बारीक केलं. साहेबांनी दोन्ही चित्रं शेजारी धरली आन माझा खांदा दाबला. सखाराम, कमी होतंय रे! त्यांच्याकडं मोतीबिंदूचीच रीघ, ते यंत्रानं घाईत बघायचे, भरवसा सगळा चित्रावर. त्या टायमाला बोलायला पायजे हुतं. न्हाई बोललो. बोललो तर काम जाईल, ही भीती. आन तिसऱ्या खेपंला, लिवा हे, तिसऱ्या खेपंला मी जाणूनबुजून कमी काढलं. आत ठिपके वाढलेले मला दिसत हुते. आजीनं इचारलं, कमी हाय का रं. म्हटलं, हाय की आजी, लय कमी हाय.

तिनं गावातल्या कुणाकडनं लिवून घिऊन बिरूला पत्र घातलं. डोळ्याला गुण हाय, तू आलास की तुझं तोंड बघते.

साहेबांनी तिन्ही चित्रं मुंबईला डॉक्टरांच्या सभेला धाडायचं ठरवलं. जाड पुठ्ठ्यात बांधली. त्याच आठवड्यात बिरू रजेवर आला आन आईला घिऊन दवाखान्यात आला. मी वऱ्हांड्यात रंग खलत हुतो. बघतो तर गड्याचा डावा गाल कानापतूर भाजलेला, कातडी गोळा झालेली. टरक पेटला हुता म्हणं. आजी माझ्याफुडं बसली आन म्हणाली, सखा, मला काय अजून तोंड दिसंना बग. तू चित्रं काढतोस, तुझी नजर पक्की. सांग, कसा दिसतोय माझा बिरू?

बिरूनं तिच्या बाजूला उभं राहून हातानं खुणावलं, नको. पर त्यानं खुणावलं नसतं तरी मी तेच बोललो असतो. म्हटलं, आजी, राजावानी दिसतोय, तोंड कसं निर्मळ, गेला तसा आलाय.

म्हातारी हळूच म्हणाली, काल ठेसनावर त्याच्या तोंडावरनं मी हात फिरवलाय रं. गाल कसा झालाय ते माझ्या बोटास्नी ठाव हाय. माझ्या डोळ्याचंबी असंच सांगितलंस व्हय?

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मी तिचं पाय धरलं, समदं वकलो. बिरू माझ्या अंगावर धावला, तर ती म्हणाली, थांब, तुझा हात मला कडंनं दिसला, तू तरी कुठं खरं सांगू देत हुतास. मग मला म्हणाली, ऊठ, सायबाकडं चल. म्हटलं, आजी, काढून टाकतील, माझी पोरं हाईत. ती म्हणाली, टाकू देत, माझ्याकडं मेंढरं राखाय ये, मेंढरास्नी खोटं सांगून काय हुत न्हाई. आन माझं मनगट धरून वढत निघाली. दवाखान्यात दर खेपंला मी तिला धरून न्यायचो, त्या दिशी तिनं मला नेलं.

साहेब वरडले न्हाईत. वरडले असते तर बरं झालं असतं. पुठ्ठ्याची दोरी सोडली, तिन्ही चित्रं मेजावर मांडली, लय येळ बघत बसले. मग म्हणाले, म्हणजे गुण नव्हताच. तेवढंच. आजी म्हणाली, सायेब, ह्यो भ्यालेला माणूस हाय, लबाड न्हाई. माझा डोळा हितंच हाय, पळून गेला न्हाई. परत काढाय लावा. ह्या त्यालानं गुण येत न्हाई एवढं तरी खरं लिवा, फुडच्या म्हाताऱ्यास्नी उगा पाजू नका, लय वंगाळ वास मारतंय. साहेबांना हसू आलं, आन हसता हसता त्यांनी तोंड फिरवलं.

त्याच दिशी मी परत बसलो. एकेक ठिपका जिथं हाय तिथं, वाकडा तर वाकडा. झाल्यावर तिनं इचारलं, काय म्हणतोय डोळा? म्हटलं, वाढल्यात, आजी. पयल्यापरास दुप्पट. तिनं पदरानं तोंड पुसलं आन म्हणाली, बरं झालं सांगितलंस. बिरू, चल, गाडी चुकंल.

साहेबांनी खोटी चित्रं फाडली न्हाईत. माझ्याच हातानं मागं लिवून घेतलं, हे चित्र खोटं हाय, आन खाली सही. कपाटात हाईत, नवा माणूस आला की दाखवत्यात. दर बारीला माझी मान खाली जाती. पर कामावर ठिवलंय मला. लढाई संपून दोन वर्सं झाली, मी डोळं काढतोच हाय. दुखणं कशानं हुतं ते साहेबास्नी अजून गावलं न्हाई, औषध न्हाई.

तेल बंद झालं, तशी आजी मिरजंला येत न्हाई. बिरूचा निरोप असतो, बरी हाय, आता कडंचंबी अंधूक दिसतं. माझ्या मनात एक हाय, तुमाला म्हणून सांगतो. एवढंएवढं तोंड तिच्या धुरात बुडतं, पर भिंतीएवढं काढलं तर कडंकडंनं बघत बघत ती जुळवंल. साहेब म्हणाले, जमेल, बघ करून. तर रजा मिळाली की गावाकडं न जाता आधी आटपाडीला जाणार हाय, तिच्या घराच्या भिंतीवर बिरूचं तोंड काढून देणार हाय, हाय तसं. तवर तिची नजर टिकू दे. आन न्हाई टिकली, तर मी तिचा हात धरून भिंतीवरनं फिरवीन आन काय कुठं हाय ते सांगीन, पर हे देणं मी फेडणार.