मामाचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन

माझ्या मामाला काही समजावणं म्हणजे काय असतं, ते मला विचारा. तेव्हा मोटा जाऊन विहिरींवर इंजिनं येऊ लागली होती. किन्हीराजा गावात मामाची मिरची पाण्यावाचून सुकत होती, म्हणून मी कारंज्याहून पाच हॉर्सपॉवरचं नवं इंजिन बैलगाडीत घालून नेलं.

मामाने त्याच्याभोवती एक चक्कर मारली. "एवढुसंच? पाटलाच्या इंजिनाचा सिलिंडर पाह्य, घागरीएवढा हाये. तेबी पाचचंच."

"मामा, त्याचा सिलिंडर मोठा, पण ते मिनिटाले सहाशे फेरे घेते. हे लहान हाये, पण पंधराशे घेते. म्हणून ताकद सारखीच."

"मले नोको शिकवू. मोठं ते मोठंच. वापस ने."

नेलं. पाटलासारखंच आणलं. त्याच्या वजनाने वाटेत गाडीचा कणा मोडला. उतरवायला दहा माणसं लागली, आणि सिमेंटचा चौथरा वाळेपर्यंत अर्धी मिरची जळाली. वर मामी मलाच म्हणते, "बापू, आंदी मोठं आनाले काय झालं होतं तुले?"

एकदाचं इंजिन सुरू झालं. धक्... धक्... धक्. पाइपातून पाणी पडू लागलं. मामाने पाण्याकडे पाहिलं, फिरणाऱ्या चाकाकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घालून मला म्हणाला,

"काहून रे, हे एवढं हळू फिरून राह्यलं? जरा जोरात फिरव ना, ताकद वाढंल!"

हातातला पाना मी विहिरीत फेकला आणि चालतच घरी निघालो.