राबात भाजलेला सायलेन्सर

माजं नाव सुमन. माहेर कुडपणच्या अंगाला आणि सासर त्याच्याच पलीकडं एक वाडी हाय तिथलं, म्हणजे काय, एका डोंगरावरनं उठले नि दुसऱ्या डोंगरावर जाऊन बसले, खाली यायचं कवा मनातच आलं नाय, आणि आता बघा, महाडात एमआयडीसीच्या रस्त्याला या खोलीत बसून तुमाला सांगतेय. आमचं सगळं म्हशींवर. भात व्हायचं, नाचणी व्हायची, पण ती घरात खायला, हातात काय पडायचं ते दुधाचं. माज्या आईनं मला सासरी धाडताना भांडीकुंडी नाय दिलान, म्हशीची एक पारडी दिलान, काळीभोर, कपाळावर चांदणी, म्हणून तिचं नाव चांदी. ती वरातीच्या मागनं माज्या मागं मागं चालत आली, दुसऱ्या कुनी दोरी धरली की खूर रोवून उभी राहायची, मी पुढं झाले की निघायची. लोकं हसली, म्हनली नवरीची करवली बघा कशी हाय. मलापण हसू आलं, रडायचं ते राहूनच गेलं.

तर दूध. मामंजी, म्हणजे माजे सासरे, कावडीनं दूध खाली पोलादपूरला न्यायचे, पायवाटेनं, उन्हाच्या आधी पोचायला पायजे नायतर नासतं. त्यांचे गुडघे गेले तवा ह्यांनी ती कावड खांद्यावर घेतली. हे म्हणजे माजे मालक, नाव नाय घेत मी, लिवायचंच असंल तर मालक लिवा. आणि मंग एक दिवस हे महाडला गेले नि गाडी घेऊनच आले. तांबडी. शहरातली पोरं डोंगरात गाड्या उडवायला येतात ना, तसल्या कुनाची तरी टू-स्ट्रोक, सायलेन्सर वर उचललेला, टायरला हे एवढाले दात, आवाज असा की चांदीनं दावं तोडलान. मामंजी म्हनले ही काय दूध वाहायची गाडी हाय काय रे, ही तर रेडा हाय. पण काय सांगू तुमाला, जिथं बैल घसरतो तिथनं ती गाडी दोन्ही बाजूला दुधाचे कॅन बांधून वर यायची.

चढायची पण प्यायची. बाबा बाबा, काय प्यायची ती. आमच्या इथनं पंप लांब, पेट्रोल कॅनात भरून वर आनायचं, आणि तीन दिवस पुरंल म्हनावं ते दुसऱ्या दिवशी संपलेलं. हे वैतागले. म्हनले सुमन, म्हशीचं दूध आपण काढतो नि ही गाडी पिते, दिवाळीपर्यंत बघतो, ॲव्हरेज सुधारलं तर सुधारलं, नायतर म्हशी विकायच्या, मी महाडला कंपनीत चिकटतो, खोली घेऊ. मी म्हनलं म्हशी विकायच्या नाय. म्हनले मंग गाडीला सांग कमी पी म्हणून. झालं, तवापासनं मी गाडीच्या मागं लागले. दुसऱ्या बायका देवाला नवस करतात, मी कार्बोरेटर खोलायला बसायची.

हसू नका, खरं सांगतेय. महाडजवळ नाते म्हणून गाव हाय, तिथं एक मिस्त्री व्हता, म्हातारा, बिडी वडत वडत सांगायचा, त्याच्याकडं आमी दोघं गेलो. त्यानं गाडी बघितलान नि म्हनला ही शर्यतीची हाय वहिनी, हिला कुनी पोट भरायला शिकवलंच नाय. पुढचं स्पॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चाक, लहान व्हतं, डोंगराला जोर यावा म्हणून, त्यापायी सपाटीला गाडी नुस्ती बोंबलायची नि पुढं सरकायची नाय, ते एका दाताचं मोठं घातलान. कार्बोरेटरातली सुई एक खाच खाली घेतलान, पेट्रोल कमी ओढावं म्हणून. टायरमधी हवा कमी ठेवायचे ती पोरं, ती भरायला सांगतलान. हवेच्या फिल्टरचा फोम आठवड्याला धुवायचा, तो मी धुवायची, लेकराच्या झबल्यासारखा, पिळायचा नाय, दाबायचा. आणि एक गोष्ट त्यानं बजावून सांगतली. या गाडीला येगळं ऑइल नाय, टूटी ऑइल पेट्रोलातच मिसळायचं, पेट्रोलाबरोबर ते आत जातं नि पिस्टनला लागतं. म्हनला कुठंपण हात आखडा, ऑइलात आखडू नका. आमी कवाच नाय आखडला. माज्या हातानं मापटं भरून घालायची मी.

एवढं करून फरक पडला, पण पायजे तेवढा नाय. मिस्त्री म्हनला सायलेन्सर आतनं काजळीनं भरलाय, गाडीचा श्वास कोंडलाय, तो काढून चांगला भाजायला पायजे. हे म्हनले भाजतो कुठं, चुलीत मावत नाय. ते राबाचे दिवस. तुमाला राब ठावं हाय ना, भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, झाडाच्या फांद्यांची कवळं पसरून भाजायचं, जमीन तापते, तण मरतं. मामंजी पडवीत बसून ऐकत व्हते, म्हनले राबात टाका की, तो काय लाजतोय. टाकला. राबात सायलेन्सर भाजणारी आमीच पयली माणसं असणार. दिवसभर धुमसत राहिला, संध्याकाळी गार झाल्यावर यांनी काठीनं ठोकला, तर आतनं दुधाच्या टोपाची खरवड निघावी तशी काजळीच्या खपल्या पडल्या, ढीगभर. सायलेन्सर लावला नि गाडीचा आवाजच बदलला, खोकला गेलेल्या माणसासारखा. त्या आठवड्याला कॅनात पेट्रोल उरलं. हे कॅन हलवून हलवून मला दाखवत व्हते. दिवाळी आली, म्हशी गोठ्यात व्हत्या. मी लक्ष्मीपूजनाला गाडीलापण हळदकुंकू लावलं.

ती वर्सं चांगली गेली. दर साली राब भाजायचा, त्यात सायलेन्सर, वाडीत सगळ्यांना सवय झाली, कुनी विचारायचंपण, तुमचा भाजून झाला काय गो. चांदी म्हातारी होऊन गेली, तिची लेक मोगरी, डिट्टो तीच चांदणी, तोच हट्ट, माज्याशिवाय कुनाच्या मागं पाऊल टाकायची नाय. मामंजीपण गेले. जायच्या आधी एकदा म्हनलेले, हिला गाडी शिकव रे, हिला आतलं सगळं ठावं हाय, चालवायचं तेवढं राहिलंय. मी तर टपूनच व्हते. आमच्या पठारावर सपाटी हाय, तिथं शिकता आलं असतं. मी म्हनायची शिकवा, हे म्हनायचे शिकवतो ना, भात कापून झालं की. भात कापलं की म्हनायचे गवत भरून झालं की. यांनी नाय कवा म्हनलंच नाय, तेच तर. नाय म्हनले असते तर मी भांडले असते.

मंग पेट्रोल वाढत गेलं. तुमाला काय सांगायचं, तुमीपण भरताय. आणि ह्यांनी नवी शक्कल काढलानी. खाली कंपनीत जाणारी पोरं उताराला गाडी बंद करून सोडून देतात, फुकटात घाट उतरतात, ते बघून हेपण करायला लागले. पण कॅन भरलेले, उतार असा की नुस्त्या ब्रेकवर गाडी थांबायची नाय, म्हणून गियरमधी ठेवायचे, इंजिनानं ओढ धरायला पायजे, आणि पेट्रोलचा कॉक वरच बंद करायचे. थेंबपण जायला नको. कधी नव्हतं असं ॲव्हरेज मिळायला लागलं. मी तर पाण्यावर बायकांना सांगितलं, आमची तांबडी खाली जाताना पितच नाय, उपास धरते. एवढी खूश व्हते मी. ह्यांना म्हनलं, आता म्हशींचं नाव काढायचं नाय.

थंडीचे दिवस व्हते, सकाळ. मी गोठा झाडत व्हते. खालच्या वळणावर शेळ्या चारणारा एक जण धावत आला नि म्हनला वहिनी चला. मी तशीच पळाले, शेणाच्या हातानं. गाडी आडवी, दूध सगळ्या दगडांवरनं वाहत चाललेलं, आणि हे कडेला, उजवा पाय असा काय तरी वळलेला की मला बघवंना. मागचं चाक एकदम जाम झालं म्हनले, कुनी धरून ठेवल्यासारखं. पयलं काय विचारलं असंल मला, तर म्हनले कॅन चेपलाय काय बघ. मी तिथंच ओरडले त्यांच्यावर, आयुष्यात पयल्यांदा, एवढ्या माणसांत. म्हनलं, कॅन जाऊ दे खड्ड्यात. आणि मंग रडले.

पाय वाचला पण गुडघा वाकायचा बंद झाला. गाडी नाते गावाला मिस्त्रीकडं टेम्पोत टाकून नेली, मी गेले बरोबर. मिस्त्रीनं इंजिन खोललान, पिस्टन सिलेंडरला चिकटून बसलेलं, वरखडे पडलेले. म्हनला ऑइल कमी घालत व्हता काय. मी म्हनलं मापटं भरून घालतेय मी, माज्या हातानं. त्यानं टाकीखालचा कॉक फिरवून बघितलान. मंग विचारलान, उताराला कॉक बंद करत व्हते काय. मी म्हनलं हां. म्हनला वहिनी, पेट्रोल बंद केलं म्हणजे ऑइलपण बंद झालं ना, इंजिन फिरतंय नि आत कोरडं, त्या पोरांच्या गाड्या येगळ्या, त्यांचं ऑइल खाली साठलेलं असतं, हिचं सगळं घोटाबरोबर. मी तिथं लाकडाच्या खोक्यावर बसून राहिले. आमाला सगळं ठावं व्हतं हो. पेट्रोलातच ऑइल असतं हे मी झोपेतपण सांगितलं असतं. पण कॉक बंद करताना ते ध्यानात नाय आलं, ना त्यांच्या, ना माज्या. अजून वाटतं, कसं नाय आलं.

काय दिवस मी डोक्यावरनं दूध खाली नेलं. अर्धं नासायचं. मला गाडी येत असती तर. हे मी रोज म्हनते, मनातल्या मनात, ह्यांच्या तोंडावर नाय म्हनत, माणूस आधीच अर्धा झालाय. दुसऱ्या साली म्हशी विकल्या. पोलादपूरच्या खालच्या अंगाचा एक घेणारा आला, दोन गेल्या, मोगरी जाईना. खूर रोवून उभी. त्यानं दोरी वढलान, काठी मारलान, मी म्हनलं मारू नका, मी येते. आणि मी पुढं झाले. मी पुढं, ती मागं, पार खालपर्यंत, जशी तिची आय माज्या मागनं वर आली व्हती तशी. तिला वाटलं असंल आपण चरायला चाललोय. त्याच्या गोठ्यात बांधली नि मी मागच्या दारानं निघाले, तिनं आवाज दिलान, मी वळून नाय बघितलं. वळायला पायजे व्हतं मी.

आता इथं. हे एका कंपनीच्या गेटवर बसतात, खुर्ची दिलीय, बरे लोक हाईत. गाडी मिस्त्रीनं नवं पिस्टन घालून दिलान, विकायची म्हनलं तर ह्यांचं मन होईना. पण उजवा गुडघा वाकत नाय, किक कोन मारणार, मी मारते. रोज सकाळी या गल्लीत मी लुगडं खोचून किक मारते, आजूबाजूचे बघतात, बघू दे. एका किकेत चालू होते. मंग हे बसतात नि जातात. सुट्टीच्या दिवशी रस्ता मोकळा असतो, तवा हे मागं बसतात नि मला चालवायला देतात. शिकवतायत आता. चांगली येते मला, गियर कवा चुकत नाय. परवा म्हनले, बघ सुमन, किती ॲव्हरेज देतेय बघ तांबडी, एवढं कधीच नव्हतं दिलं. मी म्हनलं, रस्ता सपाट हाय, दोन्ही बाजूला काय बांधलेलं नाय, देणारच.

बोलता बोलता किती वेळ घेतला तुमचा. चहा संपवा. उद्या तुमी वर कुडपणला जाताय म्हनता, जा, माजं माहेर हाय, कुनाच्यापण पडवीत टेका, दूध विचारतील तुमाला, नाय म्हनू नका. सावकाश जा, सुखाचे परत या. आणि उतरताना कुनी सांगंल, इथनं पुढं गाडी बंद करा, आपसूक जाते. नका करू. तुमची कुठली का गाडी असंना, चालू ठेवा. पेट्रोल जळतंय तर जळू दे.