याकोब विहिरीत न्हाई

बहात्तर साली मी पंचवीस वर्षांचा होतो, दुष्काळ मोठा, आन आमचं उदगीरकडचं गाव तवा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, लातूर जिल्हा मागून झाला, जिल्हा बदलला पर पाणी तितकंच खोल राहिलं, हसू नका, खरं सांगून राहिलो. विहिरी खोदायचं काम बापाचं, ते आम्हा दोघा भावांच्या हाती आलं, मी थोरला दाविद आन धाकटा याकोब. आमचं घर किरिस्ताव, बापाच्याही आधीपासून. शाळा माझी दुसरीपर्यंत, पर माझ्यासारखी विहीर ताठ उतरवणारा चार गावांत न्हवता, हे तुमच्या तोंडावर सांगतो.

लिंगायत अप्पांची विहीर आटली होती, ती खोल करायची होती, सारं गाव तिच्यावरच. खडकाला भोकं पाडायची, सुरुंगाची दारू ठासायची, वात पेटवून वर यायचं. त्या दिशी येक भोक मुकं राहिलं, फुटलंच न्हाई. मी म्हणलं, याकोब, आज पाय टाकायचा न्हाई, उद्या बघू. तो म्हणला, दादा, बाया घागरी घिऊन उन्हात बसल्यात. मी दोर गुंडाळायला वळलो आन तो उतरला, आन भोक फुटलं. काय सांगू तुम्हाला, त्याला वर काढला तो ह्याच हातांनी.

मातीच्या वेळी आमच्या चर्चचे पाळक म्हणले, याला आपण पुरलं न्हाई, पेरलंय, हा देवापाशी उगवंल. तवा आमच्याच कामावरचा केरबा, लई तोंडाळ गडी, तो म्हणला, औंदा पेरलेलं कुठं उगवलंय, दाविद? माझा हात उठला, पर कबरीपुढं आवरला. ते बोलणं छातीत रुतून बसलं. खरंच उगवलं न्हाई तर?

मंग गडी विहिरीत उतरेनात. म्हणू लागले, याकोब खाली हाय, दुपारी हातोडी वाजती. अप्पा आमच्या दारात आले, म्हणले, दाविद, मी लिंगाचा माणूस, तुझ्या देवाला नाव ठेवत न्हाई, पर बाया दोन कोस चालून राहिल्यात. तू सख्खा भाऊ, तुझ्या हातानं विहिरीच्या तळाला, तो पडला तितं, उतारा टाक, भात, लिंबू, अंडं. अंड्याला मी हात लावणार न्हाई, ते केरबा आणील.

माय उंबऱ्यातून म्हणली, माझं लेकरू भुकेलं भूत झालंय असं मी कबूल करू का, अप्पा? ते वर सर्गात त्याच्या धन्याच्या पंगतीला बसलंय. आन माझ्याकडं वळली, तू काय म्हणतो रं?

त्याच दुपारी मी काठावर गेलो होतो, आन खाली टक टक मलाबी ऐकू आलं होतं. कुठं थेंब गळत असंल, न्हायतर काय, पर अंगावर काटा आला, उलट पावली पळालो, हे मायला सांगितलं न्हवतं.

तरी म्हणलं, उतारा टाकणार न्हाई. उद्या मी येकटा उतरतो.

केरबा म्हणला, आन वर न्हाई आलास तर?

तर तुझं ते पेरल्याचं बोलणं खरं धरा, मी म्हणलो. तोंड बोलून गेलं. म्हणजी बघा, मी खाली काय करतो त्यावर गाव माझ्या भावाचं ठरवणार, तो देवापाशी हाय का त्या खड्ड्यात. दुसरं मुकं भोक असंल त्याचं भ्या होतं, पर त्याहून जास्ती भ्या ह्याचं, की खाली खरंच कोणी माझं नाव घेतलं तर?

दुसऱ्या दिशी सकाळी सारं गाव काठावर. मी टोपी काढून प्रार्थना केली, दोर धरला, पर पाय काठ सोडंना. केरबा म्हणला, भ्या वाटतंय का? मी म्हणलो, हाव, लई. तो हसला न्हाई, गुमान दोराचं टोक आपल्या कंबरेला आवळून पाय रोवून उभा राहिला. मी उतरलो. याकोब पडला तितला दगड अजून काळा होता. त्याच दगडाला टेकून बसलो, भाकरीचं फडकं सोडलं, वर ऐकू जाईल असा मोठ्यानं जेवणावर आशीर्वाद मागितला, आन जितं उताऱ्याचा भात ठिवायचा म्हणत होते तितं माझी न्याहारी केली. ज्वारीची भाकर आख्खी खाल्ली, फडकं झटकलं, आन वर हाळी दिली, केरबा, घण सोड.